हिसका

रत्नागिरीहून परतत होतो. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो तेव्हा पाऊस बारीक झाला होता आणि धुकं उतरत होतं. पुढे जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक रांगत होता. त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, एक्सलेटरवर पाय जेमतेम टेकवून मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर आई डुलकी घेत होती. अशात गाडीने एकदम दम सोडला, पाठीमागून कुणी दोर ओढल्यासारखी मागे खेचली गेली, आणि मी पाय दाबायच्या आतच पुढे उसळली. क्षणभराचा खेळ. आई जागी झाली, काही बोलली नाही, फक्त खिडकीवरचं हँडल धरून बसली. कोल्हापूर येईपर्यंत तिने ते सोडलं नाही.

त्यानंतरचे तीन महिने मी त्या हिसक्याचा पिच्छा पुरवत होतो. गाडी २०११ची, पेट्रोलवरची, पुण्यातून सेकंडहँड घेतलेली. पहिल्या ठिकाणी प्लग बदलले. चार दिवस गाडी बरी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी काढून साफ केली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग कॉइल बदलल्या. मग पंप. दर वेळी बिघाड सापडल्याचं मला ठामपणे सांगण्यात आलं आणि दर वेळी मी विश्वास ठेवला. जवळपास १४ हजार रुपये गेले. स्कॅनर तीनदा लावला, तिन्ही वेळा पडद्यावर एकच उत्तर: दोष नाही. पैशांपेक्षा या उत्तराने मला जास्त त्रास दिला. आईने घट्ट धरलेलं ते हँडल मला दिसत होतं, आणि यंत्र सांगत होतं की काही झालेलंच नाही.

शेवटी एका मित्राने कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे पाठवलं. शेतातल्या पंपांची ऑइल इंजिनं आणि फौंड्र्या यांवर वाढलेलं हे शहर. इथे ‘मेस्त्री’ हा शब्द अजूनही आदराने उच्चारतात. मेस्त्री साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसले आणि विचारायला लागले.

“हिसका कवा मारतीया? चढाला का सपाटीला?”

“गार असताना का तापल्यावर?”

“पाय दाबल्यावर, का पाय हलका असताना?”

तिसऱ्या प्रश्नावर मी थांबलो. तीन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पाय हलका असताना. दर वेळी. पूर्ण दाबला की गाडी सुतासारखी सरळ पळायची. मेस्त्रींनी मान हलवली आणि शेजारच्या पोराला हाक मारली, “काट्याचा मीटर आण.”

पुढे त्यांनी काय केलं ते सांगण्याआधी, एक्सलेटर दाबल्यावर गाडीत काय होतं ते बघू. आपल्याला वाटतं की आपण पायाने पेट्रोल देतो. प्रत्यक्षात आपण हवा देतो. माझ्यासारख्या केबलच्या गाडीत पायाशी बांधलेली तार इंजिनाच्या तोंडाशी असलेली एक गोल झडप फिरवते. गॅरेजवाले तिला बटरफ्लाय म्हणतात. ती जेवढी उघडेल तेवढी हवा आत जाते. त्या हवेला किती पेट्रोल जोडायचं हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. पण झडप उघडते आहे की मिटते आहे, सावकाश की झटक्याने, हे त्याला दिसत नाही. ते सांगायला झडपेच्या दांड्याच्या टोकाला काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा डबा बसवलेला असतो. तो थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आपल्या पायाचा हेतू संगणकाला कळवणारा एवढाच एक निरोप्या.

त्या डब्यात जे आहे ते आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी हाताळलं आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण आठवा. वर्षानुवर्षं वापरलं की ते फिरवताना खरखर करायचं, एका ठरावीक जागी आवाज एकदम जायचा आणि पुन्हा यायचा. आमच्या घरी माझे आजोबा ते बटण चार-पाच वेळा पुढेमागे घासून बातम्या लावायचे. आत कार्बनचा एक गोलसर पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक बोटं सरकतात. बोट जिथे टेकलं असेल त्यानुसार विजेचा दाब कमीजास्त मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी १८४१मध्ये मांडलेल्या पोटेन्शिओमीटरचीच ही वंशावळ. गाडीतल्या डब्याला तीन वायरी असतात. एकीतून संगणक पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थिंगची, तिसरीतून उत्तर परत जातं. झडप मिटलेली असेल तर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली तर साडेचारच्या आसपास. मधला सगळा प्रवास सलग चढत गेला पाहिजे.

तो सलग राहत नाही, कारण पट्टा सगळीकडे सारखा झिजत नाही. विचार करून पाहा, आपला पाय दिवसभर कुठे असतो? पूर्ण दाबलेला क्वचितच. सिग्नलला थांबलेले, शहरातल्या गर्दीत हळूहळू सरकणारे, ट्रकच्या मागे रांगणारे आपण. पाय नेहमी सुरुवातीच्या त्याच थोड्याशा पट्टीत खालीवर होत असतो. त्याच जागी बोटं लाखो वेळा घासतात. एक दिवस तिथला कार्बन इतका पातळ होतो की बोट टेकलेलं असूनही संपर्क तुटतो. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात निरोप शून्यावर पडतो. संगणकाचा समज होतो की चालकाने पाय काढला. घाट उतरताना पाय काढल्यावर पेट्रोल वाचावं म्हणून तो जसं पेट्रोल तोडतो, तसं तो आताही तोडतो. पुढच्या क्षणी बोट पुन्हा चांगल्या पट्ट्यावर येतं, निरोप एकदम वर उडतो, आणि चालकाने अचानक पाय दाबला असं समजून तो जादा पेट्रोल ओततो. आंबा घाटातली ती मागे खेच आणि पुढची उसळी हीच होती. संगणकाने दोन्ही वेळा मिळालेल्या निरोपाला धरूनच काम केलं होतं.

हे सगळं आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत फार जुनं नाही. १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० कार्बोरेटरची होती. अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीही तशाच. कार्बोरेटरमध्ये झडप उघडली की एक छोटा पंप आपोआप पेट्रोलची पिचकारी मारायचा. कुणी कुणाला निरोप द्यायची गरज नव्हती, आणि मेस्त्री कान लावून, स्क्रू अर्धा आटा फिरवून गाडी लावून द्यायचे. दिल्लीच्या हवेबद्दल वकील एम. सी. मेहता यांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राजधानी परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना युरोपच्या धर्तीवरचे धुराचे नियम लागू केले: पहिला टप्पा त्याच वर्षीच्या १ जूनपासून, दुसरा १ एप्रिल २०००पासून. त्या मापात बसायचं तर पेट्रोल मोजून द्यायला हवं आणि मोजायचं तर सेन्सर हवेत. कार्बोरेटर बघता बघता गेला. २०१०पासून बीएस-४ या भारतीय धूरनियमांची पायरी चढताना गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची सक्तीही टप्प्याटप्प्याने आली, आणि १ एप्रिल २०२०ला देशभर बीएस-६ लागू झालं. कानावर शिकलेल्या मेस्त्रींच्या एका पिढीला मधल्या वयात व्होल्ट, ओहम आणि कोड शिकावे लागले. कुणी शाळा काढून त्यांना ते शिकवलं नाही. माझ्या समोरच्या मेस्त्रींनी पहिलं इंजेक्शनचं इंजिन स्वतःच्या हिमतीवर उघडलं होतं, आणि दुरुस्त करायला त्यांना आठ दिवस लागले होते. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. त्या आठ दिवसांचे पैसे त्यांनी गिऱ्हाइकाकडून घेतले नव्हते.

तर, शोधाची सुरुवात त्यांनी काहीच न खोलता केली. सेन्सरचा कपलर ओढून काढला, गाडी चालू केली आणि मला म्हणाले, “बसा. पाय हलका ठेवून विद्यापीठाच्या चढाला जाऊन येऊ.” डॅशबोर्डवर चेक लाइट पेटली. गाडी मंद होती, पिकअप गेलेला होता. पण राजारामपुरीतून जाऊन येईपर्यंत हिसका एकदाही आला नाही. सेन्सरची वायर तुटलेली दिसली की संगणक त्याच्यावर विसंबायचं सोडतो आणि इंजिनाचा वेग, आतल्या हवेचा दाब यांवरून अंदाजाने काम चालवतो. निरोप्या अजिबात नव्हता तेव्हा गाडी गरीब गाईसारखी चालली. “आता प्लग, कॉइल, पंप समदं सुटलं,” मेस्त्री म्हणाले. “राहिलं काय? ह्यो डबा, न्हाईतर त्याच्या वायरी.”

पंधरा मिनिटं आणि दीड किलोमीटर. माझे १४ हजार त्या दीड किलोमीटरच्या अलीकडेच खर्च झाले होते.

पण डबा की वायरी, हे अजून ठरायचं होतं, आणि इथे घाई करणारा फसतो. अर्थिंग कुजलं असेल, कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढला असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, तर नवा सेन्सर बसवूनही हिसका तसाच राहतो. स्कॅनरवर ‘पी ०१२२’ असा कोड आला तरी त्याचा अर्थ एवढाच की या वायरीवर दाब फार कमी आला. ‘पी ०१२३’ म्हणजे फार जास्त आला. दोष कुणाचा, हे कोड सांगत नाही. तो फक्त गल्लीचं नाव सांगतो, घर आपण शोधायचं. माझ्या गाडीने तर गल्लीही सांगितली नव्हती. दोष ठरावीक वेळ टिकला तरच संगणक त्याची नोंद करतो. क्षणात येऊन क्षणात जाणाऱ्याला तो दोष मानत नाही.

मेस्त्रींनी कपलर परत लावला. पाठीमागून, रबराच्या सीलला धक्का न लावता, शिवणाच्या सुईसारखी बारीक पिन एकेका वायरीत सरकवली. चावी चालू, इंजिन बंद. पहिली वायर: ५.०१ व्होल्ट. संगणक आपलं काम करतोय. मग अर्थिंगची वायर आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये मीटर लावला: ०.०२. अर्थिंग चोख. मग उत्तराची वायर. झडप हाताने हळूहळू उघडत गेले आणि डिजिटल मीटरचे आकडे चढत गेले, ०.५२पासून ४.४८पर्यंत. माझ्या डोळ्यांना सगळं निरोगी दिसलं.

“घ्या,” मेस्त्री म्हणाले. “चांगला हाय म्हनायचं आनि गाडी परत द्यायची. असंच झालं असनार तुमचं.”

साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो. त्या दोन आकड्यांच्या मधे जे घडतं ते त्याला दिसत नाही. पोराने आणलेला मीटर जुना होता. काच तडकलेली, कड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. पण त्याला काटा होता, आणि काटा वायरीतला प्रत्येक धक्का अंगावर घेतो. मेस्त्रींनी तो लावला, झडपेवर अंगठा ठेवला आणि इतकी हळू उघडली की ती हलते आहे हे मला नीट पाहिल्याशिवाय कळेना. काटा अर्ध्या व्होल्टवरून उठला, पाऊणच्या पुढे गेला, एकच्या जरा वर पोचला आणि थरथरून डावीकडे पडला. पुन्हा उठला. मग शेवटपर्यंत सलग. मेस्त्रींनी झडप सोडली, पुन्हा तेच केलं. त्याच जागी काटा पुन्हा पडला.

“हितं. हितंच मरतंय.”

मी त्या काट्याकडे बघत राहिलो. तीन महिने ज्याचं अस्तित्व कुणी मान्य करत नव्हतं, ते काचेखाली माझ्यासमोर तीनदा, चारदा, पाचव्यांदा घडत होतं. आजारी माणसाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून चार दवाखान्यांतून परत पाठवावं आणि पाचव्या डॉक्टरांनी दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवावं, तसं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण घसा दाटला होता हे खरं.

तरीही मेस्त्रींनी सेन्सरवर शिक्का मारला नाही. झडप एका जागी स्थिर धरून त्यांनी पोराला वायरींचा सगळा जुडगा वाकवायला, हलवायला लावला. काटा ढिम्म. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर हलकेच टकटक केली. काटा उडाला. आता वायरी निर्दोष आणि डबा दोषी, याला पुरावा झाला. या सगळ्याला गाडीवरची फेरी धरून अडीच तास लागले. सेन्सर बदलायला लागलेला वेळ: दोन स्क्रू, दहा मिनिटं. मग नव्या सेन्सरचा मिटलेल्या झडपेचा व्होल्टेज तपासला आणि संगणकाची जुनी नोंद पुसून त्याला स्लो स्पीड नव्याने शिकू दिला.

हा छोटा डबा कुणाला क्षुल्लक वाटेल तर अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००९-१०मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनी तो देश ढवळून निघाला होता. त्या गाड्यांत केबल नव्हती. पायाखालच्या पेडललाच सेन्सर होता आणि बटरफ्लाय मोटरने फिरत होती. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का, हे शोधायला तिथल्या सरकारने थेट नासाच्या अभियंत्यांना बोलावलं. दहा महिने त्यांनी काम केलं, सॉफ्टवेअरच्या २ लाख ८० हजारांहून अधिक ओळी तपासल्या. ८ फेब्रुवारी २०११ रोजी निष्कर्ष जाहीर झाले: धोकादायक रीतीने गाडी सुसाट सुटेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही, अडकणारं पेडल आणि पेडलखाली सरकणारी चटई ही यांत्रिक कारणं मात्र खरी. तिथे वाद संपला नाही. २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्यूरींनी सॉफ्टवेअरवर बोट ठेवणाऱ्या तज्ज्ञांची साक्ष ऐकून कंपनीला जबाबदार धरलं. पण मला त्या तपासातला एक बारीक तपशील विसरता येत नाही. तक्रार आलेल्या एका गाडीचं पेडल उघडल्यावर त्यातल्या सेन्सरमध्ये कथिलाचा एक तंतू सापडला. कथिलाच्या मुलाम्यातून असे तंतू आपणहून उगवतात, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. त्या तंतूने सेन्सरच्या दोन वेगवेगळ्या निरोपांच्या मधे पूल बांधला होता. इतक्या मोठ्या तपासातही हाती काही लागलं ते कुणीतरी एक पेडल हातात घेऊन, भिंगाखाली धरून, सावकाश पाहिलं म्हणून.

पेडलला दोन निरोप का, तर एकाने खोटं सांगितलं तर दुसऱ्याने पकडावं म्हणून. आजच्या गाड्यांत पेडलवर आणि थ्रॉटल बॉडीवर असे जोडसेन्सर असतात. बऱ्याच ठिकाणी एकाचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो, आणि संगणक दोघांचा ताळा सतत जुळवत राहतो. ताळा बसला नाही तर ‘पी २१३५’ किंवा ‘पी २१३८’ असा कोड येतो आणि गाडी वेग आवरून कशीबशी घरी जाण्यापुरती चालते. आता कार्बनचा पट्टाही मागे पडतो आहे. चुंबक फिरतो आणि एक चिप त्याचं क्षेत्र न शिवता वाचते. एडविन हॉलने १८७९मध्ये शोधलेला परिणाम. घासणारं काहीच नाही, म्हणून झिजणारंही नाही. पण कपलर आहेत, अर्थिंग आहे, उंदीर आहेत. शोध थांबलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. अशा गाडीत चावी चालू असताना बटरफ्लायमध्ये बोट घालू नये, हेही इथे सांगून ठेवतो. मोटर कधी मिटवेल याचा भरवसा नाही आणि ती बोट चेचू शकते. केबलच्या गाड्यांवर हात बसलेली कितीतरी माणसं जुन्या सवयीने तिथेच बोट घालतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. काम नव्हतं, बघायचं होतं. मेस्त्रींनी जुना डबा पकडीने फोडून ठेवला होता. आत पट्ट्यावर एक लकाकती रेघ उमटलेली, आणि सुरुवातीच्या भागात, नखाच्या टोकाएवढ्या जागी, काळा कार्बन जाऊन खालचा फिका थर उघडा पडलेला. पुण्यातल्या कुठल्या चौकात, कुठल्या पुलावर आधीच्या मालकाचा पाय तिथे घासत राहिला असेल, आणि नंतर माझा.

त्या दिवशी तिथे तीन-चार गाड्या आल्या. एकाही मालकाने ‘काय झालंय ते बघा’ असं म्हटलं नाही. एकाने सांगितलं, ‘सेन्सर बदलून टाका’. दुसऱ्याला फक्त स्कॅन करून हवं होतं. तिसरा घासाघीस करत होता: दोन स्क्रूंना दीडशे रुपये कसले? मेस्त्रींकडचं पोरगं आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला मी विचारलं, हे काट्याचं काम तुला येतं का? म्हणाला, “येतंय, पर गिऱ्हाईक थांबत न्हाई ओ काका. पार्ट बदलला की पैसे मिळत्यात. शोधत बसलो तर कोण देतंय?”

मला त्या पोराच्या बोलण्यात सगळ्यात मोठा बिघाड दिसतो. डॉक्टरने औषध दिलं नाही तरी तपासल्याची फी आपण देतो, वकिलाने नुसता सल्ला दिला तरी देतो. गाडीच्या बाबतीत मात्र हातात जुना पार्ट पडल्याशिवाय काम झालं असं आपल्याला वाटत नाही. मग गॅरेजवाला पार्टच विकणार. त्याच्या अडीच तासांना भाव नसेल तर तो अडीच तास का घालवेल? मी चार ठिकाणी मिळून १४ हजार दिले, त्यातला एक रुपयाही शोधण्यासाठी दिला नव्हता. तसं कुणी मागितलं असतं तर मी बहुधा दुसरीकडे गेलो असतो, आणि आज ते आठवून मला वाईट वाटतं.

माझं बिल राहिलं होतं ते मेस्त्रींनी निघताना केलं. बिलबुकात दोनच रकाने छापलेले: माल आणि मजुरी. मालापुढे सेन्सरचे १,८०० लिहिले. मजुरीपुढे १५०.

“आणि कालचे अडीच तास?” मी विचारलं.

“त्येचं काय लिवायचं?” त्यांनी पेन थांबवलं. “रकाना कुठं हाय?”

लिहाच, म्हणालो. ते जरा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग मजुरीच्या खाली, छापील रेघ संपते तिथे, हाताने एक रेघ ओढली आणि लिहिलं: शोधाशोध. आकड्याची जागा रिकामी सोडून पेन माझ्यापुढे केलं. मी ८०० लिहिले. ते नको नको म्हणत होते. पोराने खांद्यावरून वाकून तो कागद वाचला, मग बाहेर हॉर्न वाजला तसा काट्याचा मीटर उचलून तिकडे गेला.